जांभळ्या जॅकेटविरुद्धचा अर्ज

समुद्राकाठच्या निळ्या पट्ट्यावर, म्हणजे खास सायकलींसाठी आखलेल्या पट्ट्यावर, माणसं खुशाल धावतात या गोष्टीचा रिफ्की बेय यांना पहिल्यांदा संताप आला, तेव्हा त्यांनी सायकल घेऊन फक्त नऊ दिवस झाले होते. त्याआधी हा पट्टा निळा आहे की हिरवा, याची त्यांनी कधी चौकशी केली नव्हती. पण माणूस एकदा सायकलवर बसला की सगळं जग आपल्याला आडवं यायलाच जन्माला आलंय, असं त्याला दिसू लागतं.

सायकल घ्यायला लावली डॉक्टरांनी. रक्ताचा अहवाल बघून ते म्हणाले, "चालत जा रोज."

"जातो की. चहाच्या दुकानापर्यंत."

"मग सायकल घ्या," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी पुढच्या रोग्याला हाक मारली.

सायकल जुनी होती, हिरवी, पुढे टोपली असलेली. ती पहिल्यांदा दारातून बाहेर निघाली तेव्हा अख्खी इमारत सज्ज्यात उभी होती. तुर्कस्तानातल्या इझमीरच्या त्या खाडीकाठच्या इमारतीत एखाद्यानं नवी चादर वाळत घातली तरी चार लोक मत देतात, इथे तर रिफ्की बेय चाकांवर होते. चौथ्या मजल्यावरचे पर्तेव काका फेरीबोटीचे निवृत्त कप्तान. त्यांनी दुर्बिणीतून पाहणी करून वरूनच हुकूम सोडला, "वारा पाठीशी असेल तेव्हा ब्रेक हळू दाब!" दुसऱ्या मजल्यावरच्या मकबुले हानिम (तिकडे बाईंच्या नावापुढे मानानं हानिम लावतात, तसं पुरुषांच्या नावापुढे बेय) टॉवेल घेऊनच खाली आल्या.

"हा पाठीवर घाला आधी. घाम येणार, त्यावर वारा लागणार, मग आठ दिवस अंथरूण. माझ्या दिराचं तेच झालं."

"अहो, मी काय लहान आहे?"

"म्हणूनच सांगते. लहान असता तर कानाला धरून घातला असता."

असा पाठीवर टॉवेल खोचून, उंटासारखं पोक काढून रिफ्की बेय निघाले. "माशाल्ला, दहा वर्षांनी तरुण दिसतात!" असं कुणीतरी म्हणालं. दारात उभ्या असलेल्या त्यांच्या पत्नीनं, नेझीहे हानिमनं, लगेच आपल्या कानाची पाळी ओढली आणि लाकडी चौकटीवर दोनदा टकटक केलं. घरातल्या कशाचीही कुणी स्तुती केली, मग तो नवरा असो नाहीतर वांग्याचं लोणचं, नेझीहे हानिमचा हात आधी कानाकडे आणि मग जवळच्या लाकडाकडे जायचा. दृष्ट लागण्याची जोखीम त्या घ्यायच्या नाहीत. लग्नाला तेहतीस वर्षं झाली तरी संसार टिकला, त्यात या टकटकीचाही थोडा वाटा असावा असं त्या मानत.

आता नवव्या दिवसाची हकीगत. रिफ्की बेय निळ्या पट्ट्यावरून डौलात चालले होते. समोर, पट्ट्याच्या अगदी मधोमध, जांभळं जॅकेट आणि पांढरी टोपी घातलेली एक बाई पाठमोरी धावत होती. त्यांनी घंटी वाजवली. बाई दचकून डावीकडे झाली. त्याच क्षणी रिफ्की बेयही सौजन्यानं डावीकडे झाले. मग कोळ्यासारखा गळ टाकून बसलेल्या एका म्हाताऱ्याची बादली आली, आणि सायकल बाहेर व रिफ्की बेय बादलीत, अशी वाटणी झाली.

"माझे मासे!" म्हातारा ओरडला.

"माझं मनगट!" रिफ्की बेय ओरडले.

"मनगट घरी नेऊन बसवता येईल. मासे गेले की पाण्यात!"

तेही पूर्ण खरं नव्हतं. तीन मासे रिफ्की बेय यांच्या सदऱ्यातच होते. पण जिच्यामुळे हे झालं, त्या जांभळ्या जॅकेटनं एकदा मागे वळूनही पाहिलं नाही. उलट त्यांचा आवाज ऐकताच बाईनं वेग दुप्पट केला. ही गोष्ट रिफ्की बेय यांच्या काळजात माशाच्या काट्यासारखी रुतली. घरी आले तर नेझीहे हानिम स्वयंपाकघरात पार्सली चिरत होत्या. तोंड लालबुंद, श्वास चढलेला.

"काय गं, बरं नाही का?"

"किती उकडतंय इथे," म्हणत त्यांनी नवऱ्याच्या मनगटावर लिंबाचं कोलोन चोळलं आणि सदऱ्यातून एक मासा काढून कढईत टाकला.

आता वाचकांपासून काय लपवायचं. जांभळं जॅकेट नेझीहे हानिमच होत्या. जानेवारीत एकदा न्याहारीला त्या म्हणाल्या होत्या, "मीपण धावून बघू का थोडं? वसंतात किनाऱ्यावर दहा किलोमीटरची शर्यत असते. माझ्या वयाच्या बायका धावतात म्हणे." तोंडात ऑलिव्हची बी धरून रिफ्की बेय इतके हसले की बी चहात पडली. "तू? कशाच्या मागे धावणार? बसवालासुद्धा तुला बघून थांबतो!" दुसरा चहा येईपर्यंत ते हे विसरले. नेझीहे हानिम विसरल्या नाहीत. दुसऱ्या दिवसापासून त्या रोज सकाळी "बाजारात जाते" म्हणून निघू लागल्या. जॅकेट आणि बूट मकबुले हानिमच्या घरी ठेवलेले असत. तिथे कपडे बदलायचे, धावायचं, आणि परतताना पुरावा म्हणून पार्सलीची एक जुडी घ्यायची. तीन महिने त्या घरात रोज पार्सली येत होती. कोशिंबिरीत पार्सली, आमलेटात पार्सली, मसूरच्या सुपावर तर तिचं कुरणच. रिफ्की बेय यांना पार्सलीचा तिटकारा होता. पण बायको हौसेनं आणते म्हणून बिचारे मुकाट गिळत होते.

त्या पट्ट्यावर का धावत, फुटपाथवर का नाही, असा रास्त प्रश्न कुणी विचारील. फुटपाथवर गळ असतात, बादल्या असतात, सूर्यफुलाच्या बिया सोलत बाकांवर पाय पसरून बसलेली कुटुंबं असतात, आणि ताडाच्या मुळांनी फरश्या अशा उचलल्या आहेत की तिथे बकरीनंसुद्धा बघून पाऊल टाकावं. नेझीहे हानिमचा उजवा गुडघा आधीच कुरकुरत होता. त्या फरश्यांवर आठवडाभर धावल्या असत्या तर शर्यत दवाखान्यात संपली असती.

रिफ्की बेय यांचा जन्म मात्र जमिनीच्या नोंदणी कचेरीत गेला होता. चौतीस वर्षं त्यांनी लोकांच्या हद्दी राखल्या होत्या. अंजिराचं एक झाड कुणाचं, यावरून दोन भावांना सात वर्षं झुलवलं होतं. रेघ ती रेघ, असा त्यांचा बाणा. त्याच रात्री, म्हणजे जेवण झाल्याबरोबर, त्यांनी अर्ज लिहिला: सायकलींच्या पट्ट्यावरून धावणाऱ्यांचं अतिक्रमण तात्काळ हटवावं.

अर्ज घेऊन ते महापालिकेच्या कचेरीत गेले आणि उभ्या आयुष्यात पहिल्यांदा खिडकीच्या बाहेरच्या बाजूला उभे राहिले. पहिल्या खिडकीवरचा म्हणाला, पट्टा आमचा, पण रंग आमचा नाही. दुसरीवरचा म्हणाला, रंग आमचा, पण किनारा आमचा नाही. तिसऱ्या खिडकीवर कुणी नव्हतं, फक्त अर्धा प्यालेला चहा होता. दुसरा कुणी असता तर चिडला असता. रिफ्की बेय यांचा ऊर भरून आला. परंपरा जिवंत होती.

शेवटी वरच्या मजल्यावर तुलाय हानिम नावाची तरुण अभियंता भेटली. तिनं अर्ज पूर्ण वाचला, आणि हे बघून रिफ्की बेय जरा गोंधळलेच.

"काका, पुराव्याला फोटो लागतील. आणि रहिवाशांच्या वीस सह्या. फोटोत कुणाचा चेहरा मात्र दिसता कामा नये, ते कायद्यात बसत नाही."

"मग पाठीचे काढू?"

"पाठीचे चालतील."

चालत्या सायकलवरून एका हातानं फोटो काढणं हे तारेवरच्या कसरतीच्याही पलीकडचं काम आहे. पहिल्या दिवशी ते तीळ लावलेली पावाची कडी विकणाऱ्याच्या गाडीवर आदळले आणि दाढीत तीळ घेऊन घरी आले. दुसऱ्या दिवशी फोन समुद्रात जाता जाता त्याच म्हाताऱ्याच्या बादलीत पडला. "साहेब," म्हातारा म्हणाला, "या बादलीशी तुमचं काही जुनं नातं आहे का?" चार दिवसांत एकतीस फोटो जमले. त्यातले बावीस त्यांच्या स्वतःच्या अंगठ्याचे होते. उरलेल्या नऊपैकी सातवा मात्र झकास आला. जांभळं जॅकेट, पांढरी टोपी, पट्ट्याच्या बरोबर मधोमध, डावं पाऊल किंचित बाहेर फेकलेलं. रिफ्की बेय यांनी तो मोठा करून छापून घेतला आणि खाली लाल शाईनं लिहिलं: "मुख्य आरोपी."

हा फोटो घेऊन ते सह्यांसाठी इमारतीत फिरले. मकबुले हानिमनं चहाचा पेला हातात घेऊनच दार उघडलं, फोटो पाहिला, आणि तोंडातला चहा परत पेल्यात गेला.

"ही बाई... तुम्ही नीट पाहिलीत का?"

"रोज बघतो! लाज नाही, शरम नाही. कुणाच्या घरची आहे कोण जाणे."

"कोण जाणे," मकबुले हानिम म्हणाल्या. "काखेत कळसा नि गावाला वळसा. माझं पेन संपलंय हो, नंतर या."

पर्तेव काकांनी फोटो दुर्बिणीशिवायही ओळखला. तेच तर रोज सज्ज्यातून घड्याळ लावून नेझीहे हानिमची वेळ मोजायचे. ते गंभीर झाले. "रिफ्की, बोटीवर एक नियम असतो. तोफ डागण्याआधी समोरच्या जहाजाचा झेंडा बघायचा."

"तिला झेंडा नाही. जॅकेट आहे."

"मग डाग बाबा," कप्तान म्हणाले आणि दार लावून घेतलं. दारावरचा रखवालदार सातिल्मिश रोज सगळ्यांच्या घरी वर्तमानपत्र पोचवायच्या आधी अथपासून इतिपर्यंत वाचायचा. तोही म्हणाला, "साहेब, मला सही येत नाही."

शेजारधर्म बुडाला, असा निष्कर्ष काढून रिफ्की बेय चहाच्या दुकानात गेले. तिथे पत्ते पिसणाऱ्या मंडळींनी डाव न थांबवता वीस सह्या ठोकल्या. त्यातल्या दोघांना तो पर्तेव काकांच्या वाढदिवसाच्या शुभेच्छापत्राचा कागद वाटला.

घरी आल्यावर त्यांनी फोटो जेवणाच्या टेबलावर, पार्सलीच्या वाडग्याला टेकवून उभा केला. "ही बघ. हिच्यामुळे मी बादलीत पडलो."

नेझीहे हानिम बराच वेळ बघत राहिल्या. आपली पाठ त्यांनीही पहिल्यांदाच पाहिली होती. "धावते मात्र छान," त्या म्हणाल्या.

"छान? बदक बरं."

त्यांना आधी हसू आलं. मग हसता हसता वाईट वाटलं, आणि तेच टिकलं. तेहतीस वर्षं एका ताटात जेवलो, एका छपराखाली झोपलो, आणि हा माणूस मला पाठमोरी ओळखत नाही. मग त्यांना कारणही सुचलं. ओळखणार कसा? रिफ्की बेय यांचे आजोबा आजीच्या पाच पावलं पुढे चालायचे. वडील दोन पावलं. रिफ्की बेय सुधारलेले, म्हणून ते दीड पाऊल पुढे चालत, हात पाठीमागे बांधून, जपमाळ खुळखुळवत. त्यांची पाठ नेझीहे हानिमना तोंडपाठ होती. मानेवरचा तीळ, सदऱ्याची चुरगळ, डावा खांदा किती झुकतो ते सगळं. त्यांना मात्र बायकोची पाठ बघायचा प्रसंगच कधी आला नव्हता.

"मी सांगून टाकते त्यांना," मकबुले हानिम दुसऱ्या दिवशी म्हणाल्या. "गुरुवारी कचेरीचे लोक जागा बघायला येताहेत. धावायला बंदी झाली की तुझी शर्यत बोंबलली. दहाच दिवस राहिलेत, नेझीहे!"

"नाही सांगायचं. कुणीच नाही सांगायचं," नेझीहे हानिम म्हणाल्या आणि बुटाची नाडी घट्ट बांधली. "एकदा तरी त्यांनी ओळखावं."

गुरुवारी सकाळी आठ वाजता तुलाय हानिम मोजपट्टी घेऊन किनाऱ्यावर हजर झाली. रिफ्की बेय कोट-टाय घालून, सायकलीसह, पाठीवर टॉवेल आणि बगलेत अर्ज अशा थाटात उभे होते. प्रत्यक्ष पाहणी! चौतीस वर्षं असल्या पाहण्यांना ते साहेब म्हणून जात आले होते. योगायोगानं अख्खी इमारतही तिथे जमली होती. मकबुले हानिम बाकावर बिया सोलत होत्या. सातिल्मिशनं वर्तमानपत्र उलटं धरलं होतं. पर्तेव काका घड्याळ घेऊन उभे होते.

"रुंदी तीन मीटर वीस," तुलाय हानिम म्हणाली. "तुमची मुख्य आरोपी कुठाय, काका?"

"येईलच. वेळेची पक्की आहे," रिफ्की बेय म्हणाले. त्यांच्या आवाजात नकळत थोडा आदर आला होता.

ते बोलत असतानाच ती त्यांच्या मागून आली आणि पुढे निघूनही गेली. जांभळं जॅकेट, पांढरी टोपी. "हीच! हीच ती!" रिफ्की बेय फोटो फडकवत ओरडले.

"माशाल्ला!" पर्तेव काकांना घड्याळ बघून राहवलं नाही. "काय वेग आहे! वाघीण आहे वाघीण!"

धावता धावता, मागे न बघता, जांभळ्या जॅकेटचा हात वर गेला. त्या हातानं कानाची पाळी ओढली. मग बाजूच्या लाकडी बाकाला ओझरतं टकटक केलं, दोनदा.

रिफ्की बेय यांचा फोटो धरलेला हात खाली आला. दोनदा. त्यांच्या नोकरीत बढती झाली तेव्हा दारावर, मुलगी पास झाली तेव्हा कपाटावर, अहवाल नीट आला तेव्हा दवाखान्याच्या टेबलावर. तेहतीस वर्षं ही टकटक ते पाठीमागून ऐकत आले होते. आज पहिल्यांदा ती त्यांच्या पुढे झाली होती. मग त्यांना बाकीचंही दिसलं. लाल झालेलं तोंड. बाजार. पार्सली. चहात पडलेली ऑलिव्हची बी. त्यांना इतकी लाज वाटली की कानाच्या पाळ्या कुणी न ओढताच लाल झाल्या.

"ओळख पटली का, काका?" तुलाय हानिमनं पेन उघडलं.

बाकावर बिया सोलायचं थांबलं. वर्तमानपत्र सुलटं झालं.

"पटली," रिफ्की बेय म्हणाले. "माझी बायको आहे ती. जरा उशिरा पटली."

"मग अर्ज मागे घेताय?"

मागे? नोंदणी कचेरीच्या माणसानं एकदा दाखल झालेला कागद मागे घ्यायचा? स्वाभिमानानं शेवटचे आळोखेपिळोखे दिले. आणि मग चौतीस वर्षांची विद्या कामाला आली.

"मागे नाही. दुरुस्ती. लिहून घ्या. सदर पट्ट्यावर सदर बाईंची वहिवाट आहे. रोज, उघडपणे, कुणाची हरकत नसताना. वहिवाट मोडता येत नाही."

"हरकत तुमचीच आहे ना?"

"माझी हरकत या महिन्यातली. वहिवाट जानेवारीपासूनची. जुनी ती टिकते."

तुलाय हानिमनं ओठ घट्ट मिटले, पण डोळे हसलेच. "तीन मीटर वीस पुष्कळ झाले. समुद्राकडचा मीटरभर धावणाऱ्यांना सोडता येईल. सायकलच्या चित्राशेजारी धावणाऱ्या माणसाचं चित्र काढू, असं सुचवते मी."

"बाईचं काढा," रिफ्की बेय म्हणाले आणि सायकलवर टांग मारून निघाले.

चांगला अर्धा किलोमीटर जोर लावल्यावर त्यांनी तिला गाठलं. पुढे गेले नाहीत. दीड पाऊल मागे राहिले. जॅकेटच्या पाठीवर घामाचा मोठा डाग होता. त्यांनी आपल्या कोटात हात घालून टॉवेल उपसला.

"नेझीहे, थांब. पाठ भिजलीय. वारा लागेल."

"थांबले तर वेळ बिघडेल," ती न वळता म्हणाली. मग चार पावलांनी: "कशावरून ओळखलंत?"

"टकटक केलंस."

"म्हणजे पाठीवरून नाही?"

"पाठ आता शिकतोय. वेळ लागेल. घंटी वाजवू?"

"नका. मागच्या वेळी काय झालं आठवतंय ना?"

ते हँडल सोडून टॉवेल तिच्या कॉलरीत खोचायला गेले, आणि सायकल सवयीनं डावीकडे वळली. पण गळ टाकून बसलेल्या म्हाताऱ्यानं बादली आधीच मांडीत घेतली होती. "तुम्ही दिसलात की मी आवरूनच घेतो, साहेब," तो म्हणाला. रिफ्की बेय या वेळी नुसतेच ताडावर आदळले.

शर्यतीच्या रविवारी रस्त्यावर सायकलींना बंदी होती. नियम तो नियम, म्हणून रिफ्की बेय फुटपाथवरून, उखडलेल्या फरश्यांवर ठेचकाळत, बायकोच्या मागे स्वतः धावले. एकूण चारशे मीटर. मग ते एका बाकावर बसले आणि सातिल्मिशनं त्यांना वर्तमानपत्रानं वारा घातला. नेझीहे हानिमनी दहा किलोमीटर एक तास एकोणीस मिनिटांत पूर्ण केले. त्यांच्या मागे आणखी अकरा माणसं होती, हे पर्तेव काकांनी दुर्बिणीतून दोनदा मोजून जाहीर केलं. शेवटच्या रेषेवर सगळे टाळ्या वाजवत असताना रिफ्की बेय मात्र घाईघाईनं पुढे झाले, जॅकेटची कॉलर मागून ओढली आणि कोरडा टॉवेल पाठीवर नीट पसरून घातला. चार सुरकुत्या होत्या त्या हातानं सारख्या केल्या.

घरी जाताना सवयीनं ते दीड पाऊल पुढे निघाले. मग थबकले, हात पाठीमागे बांधले आणि वाट बघत उभे राहिले. गळ्यात पदक आणि पाठीवर पोक घेऊन नेझीहे हानिम शेजारून पुढे गेल्या. रिफ्की बेय मागून चालू लागले. डावं पाऊल खरंच किंचित बाहेर पडत होतं. बदकासारखं नाही, त्यांनी मनात दुरुस्ती केली. वाटेत बाजार लागला.

"पार्सली घ्यायची का गं?" त्यांनी मागून विचारलं.

"नको हो," नेझीहे हानिम म्हणाल्या. "मला कधीच आवडली नाही."